शारदेचं गोत्र

स्मरणिकेसाठी 'इतिहासावर काहीतरी लिही' असा निरोप ग्रुपवर आला तेव्हा तो दुसऱ्या कुणाला आहे असंच मला वाटलं. दहावीला इतिहासात मला किती मार्क पडले होते, ते सरांना आठवत असेल. नसेल आठवत तर बरंच आहे. शिक्षण इंजिनिअरिंगचं, नोकरी सॉफ्टवेअरमधली. सनावळ्यांशी संबंध एवढाच, की कुठल्या सालचा कोड कुणी लिहून ठेवलाय आणि तो आता का मोडतोय, हे शोधत बसायचं. पण गेल्या वर्षी लेकीला घेऊन एक नाटक बघायला गेले आणि तेव्हापासून एक जुनी गोष्ट डोक्यातून जात नाही. ती आपल्या वर्गाची गोष्ट आहे. ती सांगायची तर आधी सव्वाशे वर्षं मागे जावं लागेल. तेवढं सहन करा.

लेक बारा वर्षांची. २०२३ च्या मे महिन्यात मुंबईला मावशीनं तिला नीता मुकेश अंबानी कल्चरल सेंटरमध्ये 'द साउंड ऑफ म्युझिक' दाखवलं. परदेशातून आलेली मंडळी, डोळे दिपवणारा रंगमंच, सात भावंडांची गाणी. परत आली ती वेडी होऊनच. 'आई, आपल्याकडे असं का नसतं? माणसं बोलता बोलता गायला लागतात आणि तरी खोटं वाटत नाही!' मी म्हटलं, बाई गं, हे ब्रॉडवेवर आलं १९५९ साली. आपल्याकडे अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात 'शाकुंतल' लावलं ते १८८० साली, ३१ ऑक्टोबरला. त्याच्याही आधी, १८४३ मध्ये, सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं होतं. बोलता बोलता गाणारी माणसं आपल्याला नवी नाहीत.

हे बोलून बसले आणि मग दाखवणं भाग पडलं. दोनेक महिन्यांनी नव्हे, चांगलं वर्ष उलटल्यावर पुण्यात एका हौशी संस्थेनं भरत नाट्य मंदिरात 'संगीत शारदा' लावल्याचं कळलं. तिकिटं काढली.

आता इथं एक कबुली. मीसुद्धा तोवर एकही संगीत नाटक आख्खं बघितलेलं नव्हतं. आपल्याकडे कुठं होतं बघायला? आपल्या लहानपणी रंगमंच म्हणजे हरिनाम सप्ताहातलं कीर्तन, नवरात्रातलं भारूड आणि शाळेचं गॅदरिंग. जत्रेत तमाशाची कनात लागायची, पण आपण पोरींनी तिकडे नुसतं बघितलं तरी घरी खबर जायची. गाण्याबजावण्याचं आपल्या जिल्ह्याला वावडं होतं असं मात्र कुणी म्हणू नये. अंबाजोगाईजवळच्या आपेगावचे शंकरबापू पखवाज घेऊन साऱ्या देशात गेले, त्यांना पद्मश्री मिळाली. पण मोठ्या नाटक कंपन्यांचा पसारा आगगाडीनं फिरायचा. रंगवलेले पडदे, कपड्यांचे पेटारे, आचारी, वाजवणारे आणि साठ-सत्तर माणसं. सांगली, मिरज, पुणे, मुंबई, बडोदा, इंदूर, नागपूर हे सगळे रुळांवरचे मुक्काम. बीडला पहिली गाडी आली १७ सप्टेंबर २०२५ ला, आपण पंचेचाळिशीत पोचल्यावर. शिवाय १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात. कारभार उर्दूत, आणि सभा-संमेलन भरवायचं तर 'गश्ती निशाण ५३' नावाचं फर्मान आडवं यायचं, आधी परवानगी काढावी लागायची. मराठी नाटकाचा सुवर्णकाळ म्हणतात तो आपल्या डोंगरापलीकडून गेला.

तरीही माझ्या आजीला 'शारदे'तली पदं येत होती. नाटक तिनं कधी पाहिलं नव्हतं, रेडिओवर ऐकून पाठ झालेली. चुलीपुढं भाकरी थापताना गुणगुणायची. ते पद एका लहान मुलीच्या तोंडी आहे, तिला म्हाताऱ्याशी लग्न लावून देतायत, हे मला तेव्हा माहीतच नव्हतं. मला वाटायचं, देवाचं काहीतरी आहे.

प्रयोगाच्या दिवशी लेकीनं पहिला प्रश्न विचारला तो नांदीच्या वेळी. सगळी नटमंडळी एकत्र उभी राहून गायला लागली तसा प्रेक्षागृहातले सगळे पांढरे केस एकदम ताठ बसले. 'हे लोक सोबत का गातायत पुटपुटत?' आमच्या पुढच्या रांगेतल्या एक बाई तर प्रत्येक पदाच्या आधी अर्धा सेकंद सुरू व्हायच्या. ऑर्गन आणि तबला रंगमंचाच्या पुढ्यातच. मायक्रोफोन होते, पण गरज नव्हती असं मला वाटलं. पहिल्या अंकात लेक दोनदा माझ्या खांद्यावर कलंडली. साउंड ऑफ म्युझिकच्या मानानं दृश्यं फार सावकाश बदलतात, गाणं संपलं वाटतं आणि गायिका परत तीच ओळ वेगळ्या वळणानं धरते. वन्स मोअर आला तेव्हा ती दचकून जागी झाली. 'म्हणजे ती आता परत रडणार?' परत रडली. मला वाटतं, तिथंच लेकीला गंमत कळली. रडणं दुसऱ्यांदा वेगळं होतं.

ज्यांना नाटक माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. भुजंगनाथ नावाचा पंच्याहत्तरीचा श्रीमंत विधुर. त्याला पुन्हा लग्न करायचंय. भद्रेश्वर दीक्षित नावाचा दलाल त्याला मुलगी शोधून देतो. कांचनभट हा मुलीचा बाप, नावाप्रमाणे पैशाचा लोभी. मुलीच्या बदल्यात तो रक्कम घेणार. आई इंदिराकाकू विरोध करते, पण तिचं कोण ऐकतो. शारदा तेरा-चौदा वर्षांची. कोदंड नावाचा तरुण हे लग्न मोडायला धडपडतो. अखेर ऐन मांडवात उघड होतं की नवरा आणि नवरी एकाच गोत्राचे आहेत. सगोत्र विवाह शास्त्राला मान्य नाही. लग्न मोडतं. आता या अर्धवट लग्न झालेल्या मुलीला कोण पदरात घेणार, म्हणून शारदा नदीवर जीव द्यायला जाते, कोदंड तिला वाचवतो, आणि शंकराचार्य निर्णय देतात की सप्तपदी झालेलीच नव्हती, तेव्हा मुलगी कुमारिकाच आहे. कोदंडाशी तिचं लग्न होतं. टाळ्या.

टाळ्या थांबल्यावर माझ्या लेकीनं विचारलं, 'म्हणजे गोत्र वेगळं असतं तर झालं असतं ना लग्न?'

मी 'हो' म्हटलं.

'मग शारदा नको म्हणत होती त्याचं काय?'

पार्किंगमधून गाडी काढेपर्यंत मी गप्प होते. आमच्या धंद्यात याला वर्कअराउंड म्हणतात. मूळ दोष तसाच ठेवायचा आणि दुसऱ्याच कुठल्या नियमाचा आधार घेऊन गाडी पुढं रेटायची. देवलांनी हे का केलं असेल, म्हणून मी वाचायला घेतलं, आणि जे वाचलं ते थोडं तुमच्यापुढं ठेवते.

गोविंद बल्लाळ देवल, जन्म १८५५, सांगलीजवळच्या हरिपूरचे. बेळगावात किर्लोस्करांचे विद्यार्थी, आणि काही काळ स्वतः शाळामास्तर. आपल्या सर-बाईंना हे ऐकून बरं वाटेल. त्यांची इतर नाटकं, 'दुर्गा', 'मृच्छकटिक', 'झुंजारराव', 'संशयकल्लोळ', ही कुठल्या ना कुठल्या संस्कृत किंवा परदेशी नाटकावरून घेतलेली. स्वतंत्र असं एकच, 'शारदा'. किर्लोस्कर नाटक मंडळीनं ते १८९९ च्या जानेवारीत इंदूरला पहिल्यांदा केलं. तोवर संगीत नाटक म्हणजे दुष्यंत-शकुंतला, अर्जुन-सुभद्रा. देवलांनी रंगमंचावर शेजारच्या घरातली मुलगी आणली, आणि तिच्या तोंडी पदं घातली तीही शेजारच्या घरातल्या बोलीतली. म्हणूनच ती डोंगर ओलांडून माझ्या आजीपर्यंत आली.

पण १८९९ च्या आधीची पंधरा वर्षं बघा. १८८४ मध्ये मुंबईत बेहरामजी मलबारींनी बालविवाहाविरुद्ध टिपणं प्रसिद्ध केली. त्याच साली रखमाबाईंचा खटला उभा राहिला. अकराव्या वर्षी लग्न झालेली मुलगी मोठी झाल्यावर म्हणाली, माझ्या संमतीशिवाय झालेलं हे लग्न, मी नांदायला जाणार नाही. न्यायमूर्ती पिन्हींनी १८८५ मध्ये तिच्या बाजूनं निकाल दिला, पुढं तो फिरला आणि १८८७ मध्ये कोर्टानं सांगितलं, नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात. तुरुंगात जाईन, ती म्हणाली. १८८८ मध्ये पैसे देऊन तडजोड झाली, आणि रखमाबाई इंग्लंडला जाऊन डॉक्टर होऊन आल्या. शारदा म्हणते ते 'नको' एका खऱ्या मुलीनं कोर्टात म्हटलेलं होतं, नाटकाच्या दहा-बारा वर्षं आधी.

मग १८९१ चा संमतिवयाचा कायदा. लग्न झालं असलं तरी बारा वर्षांच्या आतल्या मुलीशी संबंध हा गुन्हा, एवढंच त्यात होतं. आधी ही मर्यादा दहा होती. लग्नाच्या वयाला कुणी हातही लावला नव्हता. तरी केवढं रान उठलं! टिळकांचं म्हणणं, परक्या सरकारनं आमच्या धर्मात हात घालू नये. आगरकर, रानडे दुसऱ्या बाजूला. आणि मला सगळ्यात गंमत वाटली ती डॉ. रा. गो. भांडारकरांची. ते सुधारकांच्या बाजूचे, पण त्यांनी युक्तिवाद केला तो मुलीच्या इच्छेवरून नाही. जुने ग्रंथ काढून त्यांनी दाखवून दिलं की शास्त्रालाच हे मान्य आहे. एवढा मोठा पंडित, त्यालाही शास्त्राच्या दारातूनच आत यावं लागलं. त्यानंतर आठच वर्षांनी देवलांनी गोत्र काढलं, सप्तपदी काढली आणि शेवटी शंकराचार्यच आणून बसवले. तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांत भुजंगनाथही बसलेले असणार आणि कांचनभटही. त्यांना उठून जाता येणार नाही असा शेवट त्यांनी शोधला. मला तो पळपुटेपणा वाटत नाही. लेकीला मात्र वाटतो, आणि तिचं मी खोडून काढू शकलेले नाही.

आणखी एक गोष्ट, जी वाचून माझा घास अडकला. त्या काळी शारदा करायचे ते मुलगेच. त्यांतला एक केशव भोसले, कोल्हापूरचा, जन्म १८९०. घरची गरिबी, अगदी लहानपणी आईनं त्याला स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत ठेवला. हा पोरगा शारदा म्हणून उभा राहिला आणि गावंच्या गावं त्याच्या आवाजावर लुब्ध झाली. पुढं त्यानं ललितकलादर्श काढली, बालगंधर्वांबरोबर 'संयुक्त मानापमान' केलं, आणि त्याच वर्षी, १९२१ मध्ये, एकतिसाव्या वर्षी गेला. संगीतसूर्य केशवराव भोसले म्हणून आपण त्याला ओळखतो. पण मला तो दहा-बारा वर्षांचा मुलगा दिसतो. घरच्यांनी पोटासाठी कंपनीत दिलेला, नऊवारी नेसून, आई-बापानं विकलेल्या मुलीचं दुःख गातोय आणि समोर लोक वन्स मोअर म्हणतायत.

आता कायदा. 'शारदा कायदा' हे नाव आपण सगळ्यांनी ऐकलंय, आणि बऱ्याच जणांना वाटतं की ते या नाटकावरून पडलं. मलाही वाटायचं. ते खरं अजमेरच्या हरबिलास सारडांचं नाव. त्यांनी मांडलेलं विधेयक सप्टेंबर १९२९ मध्ये मंजूर झालं आणि १ एप्रिल १९३० पासून लागू झालं. मुलीला चौदा, मुलाला अठरा. मधल्या सहा महिन्यांत लोकांनी काय केलं? कायदा यायच्या आत उरकून घ्या म्हणून देशभर लहान लेकरांच्या लग्नांचा सपाटा लावला. पुढच्या वर्षीच्या शिरगणतीत तो दिसला. आणि कायद्याला दातही फार नव्हते. लग्न लावणाऱ्याला थोडी कैद नाहीतर दंड, लग्न मात्र पक्कं.

हा कायदा होता ब्रिटिश हिंदुस्थानाला. निजामाच्या मुलखाला नाही. म्हणजे नगर जिल्ह्यातल्या एखाद्या गावात जे गुन्हा ठरलं असतं ते आष्टी-पाटोद्याच्या हद्दीत आलं की गुन्हा नव्हतं. माझ्या आजीचं लग्न १९३६ च्या सुमाराचं, ती अकराची. तिला कधी विचारलं नाही तुला काय वाटलं होतं म्हणून. ती पद गुणगुणायची, आणि मला वाटायचं देवाचं आहे.

आता येते आपल्या वर्गावर.

नववीच्या गॅदरिंगला, जानेवारी १९९५, मराठीच्या बाईंनी 'शारदे'तला एक प्रवेश बसवला होता. आठवतंय का? तुकडी मुलींचीच, त्यामुळे पुरुषांची कामंही मुलींनीच केली. केशवरावांच्या उलट. मी शारदेच्या मैत्रिणींपैकी एक होते, मला दोन वाक्यं होती आणि त्यातलं एक मी विसरले. पण भुजंगनाथ कुणाला विसरता येणार नाही. काजळाची मिशी, डोक्याला तिच्या वडिलांचा पटका, हातात काठी, आणि ती काठी लपवून तरुण असल्यासारखं चालायचा प्रयत्न. मुख्याध्यापकसुद्धा डोळे पुसत हसत होते. ती पहिल्या बाकावर बसायची आणि गणितात माझ्यापुढं होती. हे मी नम्रता म्हणून लिहीत नाही, सहामाहीचे मार्क तसे होते.

तिचं नाव लिहीत नाही. लेख लिहायच्या आधी तिला फोन केला, ती म्हणाली, 'लिही, पण नाव नको.'

त्याच उन्हाळ्यात, मे महिन्यात, तिचं लग्न झालं. पंधरावं लागलं होतं. आपल्यातल्या सात-आठ जणी गेलो होतो. बुंदी होती. मी नवी गुलाबी ओढणी घेऊन मिरवत होते. कायद्यानं मुलीचं वय तेव्हा अठरा होतं, १९७८ पासूनच, आणि मांडवात गावातली शिकलेली माणसं बसलेली होती. मीही होते. 'हे चालतं का' असा प्रश्न माझ्या मनात आला नाही. चार महिन्यांपूर्वी आम्हीच हात उंचावून भुजंगनाथाला हसलो होतो, तरी नाही आला.

का नाही आला, याचा मी पुष्कळ विचार केला. कारण हे 'शारदे'सारखं नव्हतंच. नवरा म्हातारा नव्हता, वीस-एकवीसचा, लाजाळू, बरा मुलगा होता. बापानं पैसे घेतले नव्हते. उलट कर्ज काढलं होतं. मुलीच्या पाठवणीला तो असा रडला की आम्हीही रडायला लागलो. त्यात कांचनभट नव्हता, भद्रेश्वर दीक्षित नव्हता. दुष्ट माणूस दिसला नाही की आपल्याला अन्यायही दिसत नाही. निदान मला दिसला नाही.

बाई मात्र लग्नाआधी तिच्या घरी गेल्या होत्या, हे मला परवा फोनवर कळलं. उन्हात चालत. म्हणाल्या, एवढी दहावी होऊ द्या. तिचे वडील हात जोडून म्हणाले, 'बाई, तुमचं समदं पटतंय. पण आम्ही सहा महिने तिकडं कारखान्यावर. पोरीला घरी कुणाच्या भरवशावर ठेवावं, तेवढं सांगा.' बाईंना उत्तर देता आलं नाही. हंगामी वसतिगृह हा शब्द तेव्हा आपण कुणी ऐकलेला नव्हता.

जे पुण्या-मुंबईत वाढले त्यांच्यासाठी, म्हणजे आता आपल्याच पोरांसाठी, हे गणित मांडून ठेवते. दसरा-दिवाळीच्या सुमाराला आपल्या जिल्ह्यातून लाखोंनी माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात, परत येतात ती उन्हाळ्यात. मुकादम आधी उचल देतो, ती अंगावरची उचल तोडीतून फेडायची. उचल माणसाला नाही, कोयत्याला मिळते. आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून. एकटा गडी अर्धा कोयता. म्हणजे पोराचं लग्न झालं की घरात एक कोयता वाढतो. आणि पोरगी वयात आली की तिला मागं गावात म्हाताऱ्या आजीपाशी ठेवायचं तर जिवाला घोर, सोबत न्यायचं तर उसाच्या फडाशेजारच्या कोपीला दार नाही. दोन्ही बाजूंनी गणित एकाच उत्तराला येतं. माझे वडील पंचायत समितीत नोकरीला होते. दर महिन्याला पगार, आणि घरी कायम कुणीतरी. माझ्यात आणि तिच्यात फरक होता तो एवढाच. मी बारावीनंतर औरंगाबादला इंजिनिअरिंगला गेले ती हुशारीवर गेले, असं मी कित्येक वर्षं समजत होते.

हे जुनं झालं असं वाटत असेल तर एक आकडा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी, २०१९ ते २०२१. वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या किती? देशात शंभरात तेवीस. महाराष्ट्रात बावीस. बीड जिल्ह्यात ४३.७. म्हणजे आपल्या वर्गाएवढ्या पन्नास मुलींच्या वर्गात एकवीस-बावीस. नाट्यसमीक्षक लिहितात की 'शारदे'चा विषय आता कालबाह्य झाला, उरली आहे ती फक्त पदांची गोडी. त्यांनी एकदा आपल्या एसटी स्टँडवर नोव्हेंबरात येऊन उभं राहावं.

हे सगळं मी लेकीला सांगितलं. एका बैठकीत नाही, तुकड्या-तुकड्यानं, गाडीत, जेवताना. सगळं ऐकून ती म्हणाली, 'मग तुमच्या फ्रेंडचं गोत्र कुणी शोधलं नाही?' आधी मला वाटलं पोरगी चेष्टा करतेय. नव्हती करत. तिला म्हणायचं होतं, लग्न थांबवायला काहीतरी निमित्त लागतं ना, मग एवढ्या लोकांना एकही सापडलं नाही? मी म्हटलं, बाईंनी एक शोधलं होतं, दहावीची परीक्षा. ते पुरलं नाही.

फोनवर ती आधी ओळखेना. मग एकदम 'अगं तू व्हय!' आणि पुढची वीस मिनिटं मला बोलायलाच मिळालं नाही. तिनं बावीस हंगाम ऊस तोडला. आता कमरेचं दुखणं, म्हणून ती गावातच असते. मुलगा-सून फडावर गेले की नातवंडांना तीच सांभाळते. मोठ्या मुलीचं लग्न सतराव्या वर्षी केलं. हे तिनं स्वतःहून सांगितलं, आवाज न बदलता. धाकटीला मात्र बारावी करू दिली, पुढं अंबाजोगाईला नर्सिंग. 'तिच्यापायी भांडले मी घरात. मी होते ना घरी त्या टायमाला, म्हणून जमलं.' नात सहावीत आहे, गणितात पहिली. हे तिनं तीनदा सांगितलं.

मी तिला नाटकाचं सांगितलं. शेवट कसा होतो ते तिला ठाऊकच नव्हतं. आपण एकच प्रवेश केला होता ना. गोत्र एक निघालं म्हणून लग्न मोडलं, हे ऐकून ती खूप वेळ हसली. मग म्हणाली, 'माझ्या मिशीचा फोटो कुणाकडं हाय का गं? नातीला दाखवायचाय. तिला खरंच वाटत नाही.'

माझ्याकडे नाही. त्या गॅदरिंगचे फोटो स्टँडसमोरच्या स्टुडिओवाल्यानं काढले होते, आणि दहा रुपयाला एक अशी प्रत आपल्यातल्या काही जणींनी घेतली होती. कुणाच्या अल्बममध्ये, ट्रंकेत, माहेरच्या माळ्यावर असेल तर संमेलनाला येताना जरूर घेऊन या. ती येणार आहे. तारीख दिवाळीच्या आधीची आहे ना, एवढंच तिनं दोनदा विचारून घेतलं, कारण दिवाळीनंतर लेकरं तिच्यावर टाकून सगळे जातात आणि मग तिला घर सोडता येत नाही. नातीला सोबत आणते म्हणाली. मीही लेकीला आणतेय.